घेण्यास नकार

अण्णांनी टॅबवरून पाठवलेलं पहिलं ई-पत्र एका कर्ज देणाऱ्या कंपनीला होतं. नातवाने त्यांना खातं उघडून दिलं त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. ‘आपल्यासाठी पाच लाखांचं कर्ज मंजूर झालं आहे’ असं इंग्रजीतलं पत्र आलं, वर अण्णांचं पूर्ण नाव. अण्णांनी अर्धा तास खपून, एका बोटाने उत्तर टाईप केलं. ‘आपले पत्र पोहोचले. मी कर्जासाठी अर्ज केलेला नाही. मला सध्या कर्जाची आवश्यकता नाही. तसदीबद्दल क्षमस्व.’ खाली नाव आणि ‘निवृत्त सबपोस्टमास्तर’. दोन मिनिटांत ते परत आलं. या पत्त्यावर उत्तरं स्वीकारली जात नाहीत, असं त्यावर लिहिलं होतं. आपलंच काहीतरी चुकलं असेल असं वाटून त्यांनी ते पुन्हा पाठवलं. पुन्हा परत आलं. मी संध्याकाळी घरी पोचले तर ते टॅब मांडीवर घेऊन बसलेले.

“पत्र पाठवतात आणि उत्तर घ्यायचं नाही म्हणतात, असं कसं गं?”

“अण्णा, जाहिरात आहे ती. तिकडे लक्ष देऊ नका,” असं म्हणून मी कुकर लावायला गेले.

हे वाक्य मी आजवर किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. मी लहान दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न भरण्याचं काम करते, दिवसभर मेलमध्येच असते. येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी हेच सांगायची. लक्ष देऊ नका. उडवून टाका. त्यात काय एवढं. त्यात काय होतं ते मला २०१९ साली कळलं.

पण त्याआधी अण्णांचं पोस्ट सांगायला हवं.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. सकाळच्या एसटीने थैली यायची. तिचं लाखेचं सील तपासून, सुतळी कापून अण्णा ती टेबलावर उपडी करायचे आणि मग ते आणि दोन पोस्टमन पत्रं वेगळी करायला बसायचे. मी शाळेत जाण्याआधी दारात उभी राहून बघायची. पत्र न उघडताच त्यातलं बरंच काही कळायचं. चार कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं पाकीट म्हणजे लग्न किंवा मुंज. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेलं. असं कार्ड निघालं की पोस्टमन ते गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवायचा आणि आधी त्या घरी जायचा. पाकिटाची जीभ आत खोचलेली, न चिकटवलेली, वर ‘बुक पोस्ट’ लिहिलेलं, म्हणजे छापील काहीतरी: आमंत्रण, कॅटलॉग, औषधांच्या कंपनीचं पत्रक. जाहिरातीची पत्रं तेव्हाही यायची, ती आपण जाहिरात आहोत हे लपवत नव्हती, आणि त्यांच्यावर तिकीट असायचं. कमी दराचं का होईना, पण पाठवणाऱ्याने स्वतःच्या खिशातून लावलेलं.

आणि एक जात होती नॉटपेडची. तिकीट न लावलेलं किंवा कमी लावलेलं पत्र. अण्णा ते काट्यावर ठेवायचे, किती कमी पडतंय ते बघून त्याच्या दुप्पट आकडा शाईने पाकिटावर टाकायचे. तेवढे पैसे पत्र घेणाऱ्याने द्यायचे. गावात पक्की समजूत होती की साधं पत्र एखादे वेळी गहाळ होईल, पण नॉटपेड पत्र हमखास पोचणार, कारण सरकारला त्याचे पैसे वसूल करायचे असतात. मुंबईला गिरणीत गेलेल्या एकाची पत्रं कायम नॉटपेड यायची. त्याची आई पदराच्या गाठीतून नाणी काढून पोस्टमनच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, “वाचून दाखव आता.”

मात्र नॉटपेड पत्र घेण्याची सक्ती कोणावरच नव्हती. पाकीट हातात घ्यायचं, उलटसुलट बघायचं, अक्षर कुणाचं ते ओळखायचं आणि नको असेल तर नको म्हणायचं. पोस्टमन त्यावर शेरा मारायचा: ‘घेण्यास नकार’. मग ते पाकीट उलट्या वाटेने पाठवणाऱ्याकडे जायचं. अण्णा सांगतात की त्यांच्या नोकरीत या शेऱ्यावरून कोणी भांडायला आल्याचं त्यांना आठवत नाही. ज्याचं दार, त्याचा अधिकार. त्यावर पोस्टखात्यालाही बोलायची सोय नव्हती.

इंग्लंडमध्ये तर १८४० पर्यंत बहुतेक पत्रं अशीच जात. टपालहशील पत्र घेणारा द्यायचा. लोक पाकिटावर बाहेरूनच खाणाखुणा करून ठेवत. घेणारा खूण बघून घ्यायचा, मजकूर कळला की पत्र परत. रोलंड हिल नावाच्या माणसाने हे उलटं केलं. पैसे पाठवणाऱ्याने आधी द्यायचे, अंतर कितीही असो एक पेनी, आणि दिल्याची खूण म्हणून तिकीट. पेनी ब्लॅक हे ते पहिलं तिकीट, मे १८४० चं. आपल्याकडे १८५४ साली डलहौसीच्या काळात अर्ध्या आण्यात देशात कुठेही पत्र जाऊ लागलं. अण्णांना या दोन्ही सनावळ्या पाठ आहेत, खात्याच्या परीक्षेला होत्या म्हणे.

ई-मेल आलं आणि आपण पुन्हा १८४० च्या अलीकडून पलीकडे गेलो, असं मला वाटतं. खर्च पुन्हा पत्र घेणाऱ्याकडे आला. फरक एवढाच की पोस्टमन दारात उभा राहून ‘घेता का?’ असं आता विचारत नाही.

२०१९ ची गोष्ट. अण्णांना ८१ वं लागलं होतं. त्यांची आरोग्य विम्याची पॉलिसी बारा-तेरा वर्षं चालू होती. हप्ता मी भरायची, पण पत्रव्यवहार त्यांच्या मेलवर व्हायचा, कारण आपला व्यवहार आपल्या नावाने हवा हा त्यांचा हट्ट. पूर्वी नूतनीकरणाची नोटीस पोस्टाने यायची. त्या वर्षीपासून कंपनीने कागद बंद केला, फक्त मेल. त्याच वर्षी आमच्या घरात लग्न होतं, माझं ध्यान नव्हतं. मुदत संपली. मुदतीनंतरचे सवलतीचे दिवसही गेले. मला कळलं ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितल्यावर, कार्ड काढून नंबर दिला तेव्हा.

मी कंपनीत फोन केला. पलीकडची मुलगी सभ्यपणे म्हणाली, “मॅडम, आम्ही दोन वेळा मेल पाठवलाय. आमच्या नोंदीत दिसतोय.”

ती खोटं बोलत नव्हती. त्या रात्री मी अण्णांचं खातं उघडलं आणि त्या एका महिन्याचा मेल वहीवर रेघा मारत मोजला. एकूण ४१२. त्यातली विक्रीची, ऑफरची, ‘फक्त आजच’ची ३७१. उरलेल्या ४१ मध्ये बँकेच्या नोंदी, पुतण्याचे फोटो, निवृत्तांच्या संघटनेची पत्रकं. आणि त्या विमा कंपनीची एकूण १९ पत्रं होती. प्रवासाचा विमा, गाडीचा विमा (अण्णांकडे सायकल आहे), वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सोबत सवलत. या १९ मध्ये दोन खऱ्या नोटिसा होत्या. त्याच रंगाच्या, तसंच मोठं चित्र, तसंच ‘घाई करा’. हळद-कुंकू नाही, कोपरा फाडलेला नाही. दोन्ही न उघडलेल्या.

“तूच म्हणाली होतीस ना, लक्ष देऊ नका म्हणून,” अण्णा म्हणाले. त्यांनी ते दोष द्यायला म्हटलं नव्हतं, नुसतं आठवून सांगितलं. मला त्यावर काही बोलता आलं नाही.

८१ व्या वर्षी नवी पॉलिसी द्यायला कोणी तयार होईना. ऑपरेशनला ३८ हजार लागले, ते आम्ही भरले. आम्हाला ते झेपलं. ज्यांना झेपत नाही अशी घरं मी माझ्या कामात रोज बघते, म्हणून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

पट्टी काढल्यावर आठवडाभराने अण्णांनी कागद-पेन्सिल मागून घेतली. “समज,” ते म्हणाले, “यांना दर पत्राला एक पैसा मला द्यायला लावला असता. तर?” महिन्याला ३७१ पैसे. वर्षाला ४४ रुपये ५२ पैसे. त्या हिशेबाने एका डोळ्याचा खर्च भरून यायला साडेआठशे वर्षं लागतात. अण्णांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या, आणि मग बराच वेळ ते त्याच कागदाकडे बघत होते. “मला नाही भरून येणार,” ते म्हणाले, “पण त्यांना एवढी पाठवता आली असती का?”

हा प्रश्न त्यांच्याआधी बऱ्याच मोठ्या लोकांना पडून गेलेला आहे, हे मला नंतर वाचायला लागल्यावर समजलं. नको असलेलं पहिलं जाहिरातीचं मेल मे १९७८ मधलं. अमेरिकेतल्या डीईसी या संगणक कंपनीच्या विक्री विभागातल्या एकाने, इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट नावाच्या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना, नव्या मशीनचं प्रात्यक्षिक बघायला या असं कळवलं. लोक चिडले, त्याला समज मिळाली, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यातून विक्रीही भरपूर झाली. सगळं दुखणं या शेवटच्या वाक्यात आहे.

१९९२ साली सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या दोन संशोधकांनी सुचवलं की पाठवणाऱ्याच्या संगणकाला प्रत्येक पत्रामागे एक छोटं गणित सोडवायला लावा. एखाद्या पत्राला काही सेकंद गेले तर बिघडत नाही, पण लाखो पाठवायची तर तेवढी मशीनं कुठून आणणार? हे पैशाचं तिकीट नाही, वेळेचं. याच कल्पनेवर मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पुढे काम केलं तेव्हा त्या प्रकल्पाला नावच पेनी ब्लॅक दिलं. मी हे अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते. जानेवारी २००४ मध्ये बिल गेट्स यांनी दावोसला सांगितलं की दोन वर्षांत हा प्रश्न सुटलेला असेल. त्यांच्या उपायांत एक हाही होता: अनोळखी माणसाने मेलसोबत थोडी रक्कम डावावर लावायची, मेल नकोसं वाटलं तर घेणाऱ्याने ती ठेवून घ्यायची. दोन वर्षं झाली, वीस झाली.

कल्पना चुकीची होती असं मात्र नाही. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी औषधांच्या जाहिराती पाठवणाऱ्या एका टोळीच्या यंत्रणेत शिरून मोजदाद केली. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी मेल गेली आणि त्यातून विक्री झाली २८. अठ्ठावीस हजार नाही, अठ्ठावीस. सगळी मिळून तीन हजार डॉलरच्या आत, म्हणजे त्या वेळच्या दराने लाख-सव्वा लाख रुपये. आता अण्णांचा पैसा इथे लावून बघा. ३५ कोटी पैसे म्हणजे ३५ लाख रुपये. सव्वा लाखासाठी ३५ लाख कोण घालेल? तो धंदा दुसऱ्या दिवशी बंद. एका पैशात, जे नाणं आता पाहायलाही मिळत नाही.

इथवर मी अण्णांच्या बाजूची होते. पण माझा धंदा हिशेबाचा आहे, आणि हिशेब पुढे नेला की अडतो.

पहिली अडचण ही की अण्णांच्या खात्यातली ३७१ पत्रं त्या औषधवाल्या टोळीची नव्हतीच. तसली मेल आताशा मेलच्या कंपन्याच बहुतांशी बाहेरच्या बाहेर अडवतात. अण्णांकडे पोचत होती ती बँका, विमा, चष्म्याची दुकानं, कपड्यांची दुकानं. नोंदलेल्या, कर भरणाऱ्या कंपन्या. त्यांना एक पैसा म्हणजे काय? याचं उत्तर आपल्या मोबाईलमध्ये आहे. जाहिरातीच्या एसएमएससाठी ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेच्या, २०१८ च्या नियमांत पाच पैशांपर्यंत आकार आहे. तो पाठवणाऱ्याच्या बाजूने वसूल होतो, नावं आणि मजकूर आधी नोंदवून घ्यावे लागतात, १९०९ या नंबरवर नकार नोंदवायची सोयही आहे. तरी आपल्या फोनवर काय चाललंय ते आपण बघतोच. ज्याला एका गिऱ्हाइकामागे हजारो मिळणार, त्याला पाच पैसे म्हणजे पानाचा चुना. आणि ते पाच पैसे ज्याचा फोन वाजतो त्याच्याकडे येत नाहीत, त्याच्या टेलिकॉम कंपनीकडे जातात. अमेरिकेत २००६ मध्ये एओएल आणि याहू या मेलच्या कंपन्यांनी असंच करायचं ठरवलं होतं. गुडमेल नावाच्या कंपनीला मेलमागे पाव ते एक सेंट भरा, तुमचं पत्र चाळणीतून न जाता थेट आत. त्यातला वाटा मेलच्या कंपनीला, घेणाऱ्याला काही नाही. धर्मादाय संस्थांनी त्याविरुद्ध ओरड केली आणि २०११ मध्ये गुडमेल बंद पडली. मला ती ओरड अगदी रास्त वाटते. माझ्या दारात उभं राहायचे पैसे वॉचमनने घ्यावेत आणि मला विचारूही नये, हा कुठला न्याय?

म्हणून ठरावीक दराचं तिकीट नको. मला पटते ती अनामत. आणि तिचा आकडा ज्याचं दार त्याने ठरवायचा. अमेरिकेतल्या काही अर्थशास्त्रज्ञांनी हे नीट मांडलेलं आहे. अनोळखी माणसाने पत्रासोबत मी सांगेन ती रक्कम ठेवायची, पाच पैसे म्हणा, दहा रुपये म्हणा. पत्र कामाचं निघालं, किंवा नुसतं सभ्य निघालं, तर मी ती सोडून देईन. त्रास दिला तर ठेवून घेईन. सोड्याच्या बाटलीची अनामत असते तशी. दुकानदाराला ते पैसे कमवायचे नसतात, त्याला बाटली शाबूत परत हवी असते.

माझ्याकडे हिशेबाला एक बाई येतात. बचत गटातून सुरुवात करून आता स्वतःच्या नावाने चटण्या, मेतकूट आणि दिवाळीत फराळ विकतात. जुन्या गिऱ्हाइकांची, त्यांनी सांगितलेल्यांची, प्रदर्शनात चिठ्ठीवर पत्ता देऊन गेलेल्यांची अशी चारशे नावांची यादी त्यांच्याकडे आहे, आणि दसऱ्याच्या आधी त्या सगळ्यांना मेल करतात. मी त्यांना एकदा विचारलं, “ताई, समजा प्रत्येक मेलमागे एक रुपया अनामत ठेवायची वेळ आली, तर काय कराल?” मला वाटलं होतं त्या चिडतील. त्यांच्यासारखीच्या पोटावर पाय येऊ नये, म्हणूनच मी विचारत होते. त्यांनी यादी उघडली, पेनाने खुणा करत गेल्या. “हे घेतात. हे घेतात. यांनी तीन वर्षांत एकदाही घेतलं नाही, यांना कशाला? हे कोण ते मलाच आठवत नाही.” शेवटी एकशे वीस नावं राहिली. “यांना पाठवेन,” म्हणाल्या, “आणि प्रत्येकाला नाव घालून, गेल्या वर्षी काय घेतलं होतं ते लिहून पाठवेन. रुपया बुडेल असं वाटत नाही.”

त्या एकशे वीस नावांकडे बघताना मला जाणवलं की आतापर्यंत उरलेल्या दोनशे ऐंशींचा विचार त्यांनी केलाच नव्हता, वाईट हेतूने नव्हे, तर करायची गरजच पडली नव्हती. पोस्टकार्ड १५ पैशांना होतं तेव्हासुद्धा माणूस कार्ड घेताना ‘कुणाकुणाला लिहायचंय’ म्हणून बोटं मोजायचा. ते बोटं मोजणं फुकटच्या मेलने संपवलं. अनामतीचा खरा उपयोग ते परत आणण्यात आहे, माझ्या खात्यात रुपये साठवण्यात नाही.

आणि घेणाऱ्याने सरळ पैसेच घ्यावेत, तेही भरपूर, या मार्गाने काय होतं तेही घडून गेलेलं आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने १९९८ मध्ये कायदा केला की फसवं व्यापारी मेल आलं तर घेणाऱ्याला मेलमागे ५०० डॉलर मागता येतील. तिथल्या एका गृहस्थाने नको असलेलं मेल मुद्दाम जमवून दावे लावण्याचाच उद्योग काढला. २००९ मध्ये वरच्या न्यायालयाने त्याला दारातूनच परत पाठवलं. याला खरा उपद्रव झालेलाच नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. मला त्या माणसाचा राग येत नाही. दर लावला की जमवणारा तयार होणारच. पण आणखी एक भीती मला जास्त आहे. मेल वाचायचे पैसे मिळू लागले तर ते वाचायला कोण बसेल? ज्याच्याकडे दुसरं काम नाही तो. माझ्या ओळखीत अशी मुलं आहेत जी आजही फोनवर जाहिराती बघून दिवसाचे दहा-वीस रुपये मिळवतात. दिवसभर लोकांच्या जाहिराती अंगावर घेणं ही मजुरी होऊन बसेल. तिथे नकार द्यायचा अधिकार कागदावर राहील, हातात नाही.

चोरलेल्या संगणकांची अडचण आहेच. टोळ्या मेल पाठवतात ते तुमच्या-माझ्या मशीनमध्ये घुसून, आपल्या नकळत. मग अनामत कोणाची बुडणार? माझ्या दुकानदारांपैकी एकाच्या बिलिंगच्या संगणकातून असं झालेलं मी पाहिलं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. मर्यादा घालता येईल, दिवसाला अमुक रकमेपुढे थांब म्हणून, पण तेवढंच.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे फक्त नकोशा मेलसाठी असा वेगळा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ या कलमात त्रासदायक आणि उगम लपवणाऱ्या मेलचा उल्लेख होता. ते कलम लोकांना बोलल्याबद्दल पकडण्यासाठी वापरलं गेलं आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण रद्द केलं. ते गेलं हे चांगलंच झालं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीचा आग्रह आहे, दिलेली संमती परत घेता येते, दंड २५० कोटींपर्यंत आहे. तो दंड मात्र भारताच्या एकत्रित निधीत जमा होणार. ज्याचा पत्ता गेला, ज्याची नोटीस बुडाली, त्याला त्यातला रुपया नाही. उलट माहिती नीट न सांभाळल्याबद्दल भरपाई देणारं जुनं ४३ अ हे कलम काढून टाकायची तरतूदही याच कायद्यात आहे. हे मला मुळीच मान्य नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये नकोशा फॅक्सबद्दल घेणाऱ्यालाच ५०० डॉलर मागायचा हक्क दिला, कारण फॅक्सला कागद घेणाऱ्याचा जायचा आणि तो डोळ्यांना दिसायचा. रोल संपला की माणूस ओरडायचा. बारा वर्षांनी, २००३ मध्ये, मेलचा कायदा केला तेव्हा तोच हक्क घेणाऱ्याला दिला नाही. मेलमध्ये काय संपतं ते दिसत नाही ना. अण्णांचं लक्ष संपलं होतं. ते कोणी काट्यावर ठेवून वजन करत नाही.

तेव्हा माझं मत असं, की अनामत असावी आणि तिचा दर घेणाऱ्याच्या हातात असावा. खरं नुकसान झालं, नोटीस जाहिरातींत बुडवली, तर भरपाई त्या माणसाला मिळावी, सरकारला नव्हे. आणि पैशाचं काहीच जमलं नाही तरी निदान शेरा मारता यावा. शेवटच्यातलं थोडं झालेलं आहे. २०२४ पासून गूगल आणि याहू यांचा मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम आहे की जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढायची सोय हवी. त्याआधी नाव काढायला गेलं की पासवर्ड मागायचे, पानामागून पानं उघडायची.

आता दर रविवारी सकाळी चहानंतर आम्ही दोघं बसतो. अण्णा ८७ वर्षांचे आहेत. टॅब टेबलावर उभा करतात, चष्मा पुसतात आणि पत्रं वेगळी करायला घेतात. मी वाचते, ते सांगतात. ठेव. ठेव. हे कोण? नको असेल त्यावर स्वतःचं बोट ठेवून नाव काढायची कळ दाबतात आणि दरवेळी मोठ्याने म्हणतात, “घेण्यास नकार.” एका दुकानाच्या पानावर प्रश्न आला, आपण आम्हाला सोडून का जात आहात, खाली चार पर्याय. अण्णांनी चारही वाचून घेतले. “मी यांच्याकडे कधी गेलो होतो?” असं त्यांनी मला विचारलं, खरंच आठवत नसल्यासारखं. मी म्हटलं, चष्म्याचं बिल करताना तिथल्या मुलाने पत्ता विचारला होता, तुम्ही दिलात. “त्याने विचारला म्हणून दिला,” ते म्हणाले. “पत्ता विचारला तर सांगायचा असतो.”

गेल्या रविवारी २३ नकार झाले. नवीन विमा कंपनीची दोन होती, माझ्या पॉलिसीची, त्यात मी अण्णांचा पत्ता दिलेला आहे. अण्णांनी ती बाजूला काढायला लावली आणि प्रत्येक उघडून, तळापर्यंत, बारीक अक्षरांसकट वाचायला लावलं. दोन्ही जाहिराती होत्या. तरी त्यांनी काढू दिल्या नाहीत. मग पुतण्याचं पत्र आलं होतं, नागपूरहून, तीन ओळींचं. ते त्यांनी सगळ्यात वर ठेवायला सांगितलं, आणि मला उठवून स्वतः टॅबसमोर सरकून बसले. ‘चि.’ टाईप करायलाच त्यांना दोन मिनिटं लागली. मी कुकर लावायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ते ‘आपले पत्र पोहोचले’ एवढ्यावर होते.